क्रोशाच्या झिगझॅग ब्लँकेटच्या कडा वाकड्या येतात तेव्हा

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की आमच्या पंचवटीत लोकरीच्या पिशव्या माळ्यावरून खाली येतात. मग थोड्याच दिवसांत अर्धवट ब्लँकेटं घेऊन मुली माझ्याकडे यायला लागतात. "काकू, मधलं छान आलंय, पण बाजू बघा ना." कुणाची बाजू आत आत सरकलेली, कुणाची झालरीसारखी सुटलेली. वर "माझा हातच वाकडा" हे ठरलेलं. अगं, हाताचा काय दोष? बहुतेक वेळा मोजणी चुकलेली असते.

आधी ब्लँकेट फरशीवर पसरा आणि कड फरशीच्या सांध्याला लावा. कुठून सरकायला लागली ते लगेच दिसतं. मग पहिल्या आणि शेवटच्या ओळीचे टाके मोजा. आकडा बदलला असेल तर गडबड मोजणीत आहे. आकडा तोच असेल तर ताणात आहे. हे मोजल्याशिवाय एकही टाका उसवू नका.

मी शिकवते ते डिझाइन असं: शिखरावर एकाच टाक्यात ३ खांब (खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका), मग ५ खांब, दरीत ३ खांब एकत्र (वर मिळून एकच टाका), पुन्हा ५ खांब. शिखरावर दोन वाढतात, दरीत दोन कमी होतात, हिशेब फिटला. टाके १४ च्या पटीत अधिक १ लागतात. दहा दऱ्यांसाठी १४१, म्हणून सुरुवातीला वळणाच्या ३ धरून १४४ साखळ्या घालायच्या आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घ्यायचा. दोन्ही टोकांना अर्धं शिखर येतं, म्हणजे तिथे एका टाक्यात तीनऐवजी २ खांब. सगळी गोम या अर्ध्या शिखरात आहे.

ओळ वळवल्यावर ३ साखळ्या घालतो, तो आपला पहिला खांब. त्याच्या बुडाशी असलेल्या टाक्यातच आणखी १ खांब घालायचा, की झाले दोन. हा खांब विसरलात तर टाका कमी होतो आणि कड आत जाते. साखळ्या न धरता वेगळे २ खांब घातलेत तर तीन होतात आणि कड बाहेर सुटते. काम दर ओळीला उलटं होतं, त्यामुळे सुरुवातीची ही चूक आलटून पालटून दोन्ही बाजूंना दिसते.

ओळीच्या शेवटी त्याहून मोठी फसगत होते. शेवटचे २ खांब मागच्या ओळीच्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घालायचे असतात. पण ती साखळी आडवी पडून शेजारच्या खांबामागे दडते. बघणारीला वाटतं ओळ संपली, आणि ती अलीकडच्याच खांबात दोन घालून मोकळी होते. कड बोटाने जरा बाहेर ओढून बघा, दोन धाग्यांचा छोटा फासा दिसेल. साखळ्या घातल्या की लगेच तिसरीत सेफ्टी पिन अडकवायची. रंगीत मार्करचं पाकीट घ्यायला मेन रोडपर्यंत जायची गरज नाही.

टाके बरोबर आहेत आणि तरी एकच बाजू आखडली आहे? मग रंग कुठे बदलता ते बघा. दोन-दोन ओळींचे पट्टे असतील तर प्रत्येक बदल त्याच बाजूला येतो. आधीचा धागा न कापता वर ओढून घेतला असेल आणि तो ताठ असेल, तर ती बाजू चुण्या पडून गोळा होते. धागा सैल ठेवा, नाहीतर सरळ कापा. नवा रंग शेवटच्या खांबाच्या शेवटच्या ओढीलाच घ्यायचा, म्हणजे कडेला जुन्या रंगाचा ठिपका राहत नाही.

खालची कड धनुष्यासारखी वाकत असेल तर सुरुवातीची साखळी घट्ट झाली आहे. पुढच्या वेळी साखळीपुरती अर्धा-एक मिलिमीटर जाड सुई घ्या.

आता उसवायचं की नाही? चूक वरच्या चार-पाच ओळींत असेल तर उसवाच. खूप खाली असेल आणि एकच टाका कमी असेल, तर पुढच्या ओळीत त्याच टोकाला २ ऐवजी ३ खांब घाला, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण बाजू तिरकी झाली असेल तर बॉर्डरने झाकायच्या भानगडीत पडू नका. बॉर्डर तिरक्यावर तिरकीच बसते. आणि ॲक्रिलिक लोकर इस्त्रीने सरळ करायला जाल तर ती चपटी होऊन कायमची लुळी पडेल.