कोहा बसवताय? मग या चुका टाळा

"सर, कोहा फुकट आहे ना? मग बसवायला एवढी कटकट का?" सांगली-मिरजेच्या कॉलेज लायब्रऱ्यांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की आता आधी चहा सांगतो, मग उत्तर देतो. कोहा म्हणजे ग्रंथालयाची पुस्तकनोंद आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल याचा भरवसा नव्हता. आजही त्यात भर पडते ती कुणाला स्वतःला गरज लागली म्हणून, नाहीतर कुणी पैसे मोजले म्हणून. तुमच्या विंडोजवर डबल क्लिकने ते सुरू व्हावं, अशी ते लिहिणाऱ्यांपैकी कुणालाच घाई नाही. मला यात काही गैर वाटत नाही.

पण जिथे त्यांनी सोय केलीय, तिथेच लोक नेमके आडवाटेला जातात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींसाठी कोहाची तयार पॅकेजेस आहेत, चार-पाच कमांडचं काम. तरी कुणीतरी व्हिडिओ बघून सोर्स कोडवरून, म्हणजे मूळ प्रोग्रॅमच्या फायली घेऊन, हाताने बसवतंच.

तासगावच्या पुढच्या एका कॉलेजात असंच झालं. हुशार पोरगा, दोन दिवस खपला, पर्लची (कोहा ज्या भाषेत लिहिलंय ती) मॉड्यूल्स एकेक करून हाताने घातली. कोहा सुरू झालं, त्याचा सत्कारही झाला. पुढे तो पास होऊन पुण्याला गेला. मग एका दुपारी उबुंटूने 'नवी आवृत्ती आली आहे' म्हणून विचारलं आणि शिपाईमामांनी भल्या मनाने होकार दिला. पर्लची आवृत्ती बदलली, हाताने घातलेली मॉड्यूल्स चालेनाशी झाली, परीक्षेच्या तोंडावर स्क्रीनवर नुसता एररचा मजकूर. ग्रंथपाल मॅडमनी जुनं देवघेव रजिस्टर बाहेर काढलं आणि मला फोन लावला. नशिबाने डेटाबेस शाबूत होता. त्याचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची एका फाइलमध्ये प्रत, काढला, दुसऱ्या मशीनवर डेबियन टाकलं, पॅकेजमधून कोहा बसवलं, डंप आत घातला, इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, नव्याने बांधला. घरी पोचेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. पोराचं कौतुक मला आजही आहे, पण लायब्ररी म्हणजे प्रॅक्टिकलची वही नव्हे. शिकायचंय तर स्वतःच्या लॅपटॉपवर हवं तेवढं सोर्सवरून बसवा.

दुसरी माझी ठसठस मराठी पुस्तकांची. कॅटलॉगमध्ये नोंद दिसते, पण शोधल्यावर नीट सापडत नाही. लगेच 'सॉफ्टवेअर बोगस' म्हणून शिक्का. अहो, कोहातल्या झेब्रा या शोधयंत्राची मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यापुढे ठेवून केलेली असते. देवनागरीसाठी आयसीयू पद्धत (दवाखान्यातलं नव्हे, वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी) चालू करावी लागते. नाव ऐकून ग्रंथपाल दचकतात, पण काम कॉन्फिगरेशनमधल्या काही ओळींचं आणि इंडेक्स पुन्हा बांधण्याचं. मी हे एकही पुस्तक भरण्याआधी करतो आणि शीर्षकात जोडाक्षर असलेली दहा पुस्तकं शोधून बघतो. बनवणाऱ्यांच्या टेबलावर मराठी पुस्तक नव्हतं. ही तपासणी आपल्यालाच करावी लागते.

व्हिडिओ बघूनच कोहा बसवणार असाल, तर तो किती जुना आहे ते आधी बघा. कोहाची मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. आल्या आठवड्यात ती चढवायची हौस नको. मी निदान दोन-तीन महिने थांबतो.

पासवर्ड मॉनिटरवर चिकटवू नका. बस.

बॅकअप पॅकेजवालं कोहा रोज रात्री आपोआप काढतं, पण त्याच मशीनवर, आणि मोजक्या दिवसांचेच ठेवतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठे कुठे शिरलं ते पाहूनही काही जण सर्व्हर तळमजल्यावर, टेबलाखाली ठेवतात. दर शनिवारी एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो लायब्ररीत ठेवू नका, घरी न्या.

आणि रात्री अकराला 'कोहा चालत नाही' एवढाच मेसेज टाकू नका. काय केलं होतं, एररची ओळ कोणती, आवृत्ती कोणती, ते लिहा. फोटोच पाठवायचा तर पूर्ण स्क्रीनचा पाठवा, ट्यूबलाइटची चमक टाळून.