बडोद्यातल्या छोट्या कॉलेजात वंशावळीचं फील्डवर्क कसं घ्यावं

मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग नाही, शिक्षक एकच, वर्गात वीसेक मुलं. अशा कॉलेजात फील्डवर्कची सुरुवात वंशावळीपासून करावी. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९१०च्या लेखात सविस्तर मांडलेली ही पद्धत आजही कागद-पेन्सिलीवर चालते, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यात जुनी मराठी घरं हाकेच्या अंतरावर आहेत.

मुलांच्या जोड्या करा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने काढायचं. ए-थ्री कागद आडवा धरा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरची खूण, वारलेल्यावर तिरकी रेघ, दत्तकाला तुटक रेघ. भावंडं जन्मक्रमाने डावीकडून उजवीकडे, आणि एका पिढीची माणसं एकाच ओळीत. माहिती देणारी व्यक्ती मधोमध पण जरा खाली काढा, नाहीतर पणजोबांना जागाच उरत नाही. पक्की प्रत त्याच रात्री करायची. कच्चा कागद टाकायचा नाही.

विचारताना आई, वडील, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरायचे. हा रिव्हर्सचाच नियम आहे, आणि मुलं तो पहिल्या पाच मिनिटांत मोडतात. ‘काका किती?’ म्हटलं की वडिलांचे चुलतभाऊ येतात, शेजारचे काकाही येतात. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्या वडिलांच्या आईला मुलं किती झाली?’ आणि लगेच, ‘लहानपणी गेलेली धरून?’ कोण कुणाला काय हाक मारतं, आत्या की गुजराती फोई, ही दुसरी फेरी. ती वेगळ्या शाईने लिहा.

खरा घोळ बायकांच्या नावांत होतो. लग्नात नाव बदललेली बाई माहेरच्या बाजूला कुसुम असते, सासरच्या बाजूला सुमती. त्यात मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तीच बाई दोनदा काढली जाते आणि घरात एक माणूस वाढतं. म्हणून दोन्ही नावं एकाच वर्तुळाखाली लिहा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. कुणी कौतुकाने कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक, पुढे केला तर तो शेवटी बघू म्हणावं. जुन्या कुलवृत्तांतात मुली बऱ्याचदा गाळलेल्या असतात, आणि एकदा तो उघडला की आजी बोलायच्या थांबून वाचायला लागतात. दत्तकाबद्दल मात्र सरळ विचारा. खुद्द महाराज सयाजीराव गायकवाड १८७५मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आले. बडोद्यात त्याचा संकोच कशाला?

सन आठवत नसेल तर प्रसंग धरा: सयाजीरावांचं निधन (१९३९), संस्थानाचं विलीनीकरण (१९४९), गुजरात राज्याची स्थापना (१९६०). ‘तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? मांडीवर कोण होतं?’ एवढ्यावरून दोन-तीन वर्षांच्या आत नेम लागतो.

दुपारी एक ते चार कुणाकडे जाऊ नये. नवरात्रात तर काम ठेवूच नये. गरब्याच्या दिवसांत ना मुलं मिळतात ना यजमान. फोन एअरप्लेन मोडवर टाका, कारण कॉल आला की रेकॉर्डिंग तुटू शकतं. झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांना खुर्चीवर बसायची विनंती करा. कडीची कुरकुर नेमकी नावांवर येते. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास लागतात, आणि मराठी-गुजराती मिसळीपुढे यंत्राने केलेलं लेखन हात टेकतं. त्यामुळे जोडीला एक घर पुरे.

संमती सुरुवातीला घ्या आणि वंशावळ पुरी झाल्यावर कागद दाखवून पुन्हा घ्या, कारण काय सांगून बसलो ते माणसाला तेव्हाच कळतं. नुसतं नाव बदलून भागत नाही. वाडा, हुद्दा आणि मुलांची संख्या एकत्र आली की अख्खी गल्ली घर ओळखते. त्यातलं एक तरी काढा. खऱ्या नावांची यादी शिक्षकाच्या कुलपात, वंशावळींपासून वेगळी.

या वंशावळी पुढे स्वतःच्या संशोधनात वापरायच्या असतील तर घरांची आणि विद्यार्थ्यांची वेगळी लेखी परवानगी लागते. विद्यार्थ्यांची परवानगी गुण जाहीर झाल्यावर मागा. आधी मागितली तर नाही कोण म्हणणार?