कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीशी बोलताना
पाठीमागून हाक मारण्याऐवजी आधी दृष्टीच्या टप्प्यात यावे किंवा खांद्याला हलका स्पर्श करावा. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहावे, कारण खिडकीकडे पाठ केली की चेहरा अंधारात जातो. मात्र ओठ दिसले म्हणजे सारे समजले असे मुळीच नाही: प, ब आणि म हे तिन्ही उच्चार ओठ मिटूनच होतात, त्यामुळे ‘पाय’ आणि ‘माय’ यांतला फरक केवळ पाहून कळत नाही, तो संदर्भावरून ताडावा लागतो, आणि दिवसभर असे ताडत राहणे फार थकवणारे असते. म्हणून वाक्य कळले नाही तर ओरडू नये, त्याने ओठांचा आकार बिघडतो. तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगावी. ‘काही नाही, जाऊ दे’ असे तर कधीही म्हणू नये. मला हे सर्वांत जास्त खटकते, कारण त्या एका वाक्याने माणूस संभाषणाबाहेर फेकला जातो. वेळ आणि औषधाची मात्रा लिहूनच द्यावी, कारण ‘सात’ आणि ‘साठ’ यांची गल्लत सहज होते. श्रवणयंत्र पंख्याची घरघरही वाढवू शकते, तेव्हा बोलण्यापुरता पंखा बंद ठेवावा.