वकिलीतला एकटेपणा : या चुका टाळा, पाटी लावण्याची तर आधी

इंदूरच्या कोर्टात बावीस वर्षं झाली. रात्री नवीन मुलांचे फोन येतात. "मॅडम, काम मिळतंय, पैसेही येतायत, पण घर खायला उठतं." पुढचं ऐकायच्या आधीच मला कळतं की यानं काय केलंय. चुका त्याच त्या असतात.

सनद हातात येत नाही तोच स्वतःची पाटी

माझ्याकडे एक मुलगा ज्युनिअर म्हणून होता. हुशार, पण धीर नाही. आठव्या महिन्यात म्हणाला, "मॅडम, आता जमतं मला." सुदामा नगरात घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. ई-फायलिंग घरून, जमेल ती पेशी, म्हणजे सुनावणी, व्हिडिओवर, जजमेंट मोबाइलवर. कोर्टात आलाच तर पेशी आटोपली की स्कूटर काढून परत. कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये चहाला बसणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असं त्याचं मत.

मग चेक बाउन्सचं एक प्रकरण आलं. नियम सोपा आहे: चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, ते उलटले की एक महिन्यात परिवाद, म्हणजे कोर्टात तक्रार. समोरच्याचं उत्तर उशिरा आलं आणि यानं महिना त्या उत्तरापासून मोजला. दाखल करायला बसला तेव्हा कळलं, नऊ दिवस वर गेलेत.

कोणाला सांगणार? पक्षकाराला सांगायची छाती नाही. माझ्याकडून तर 'जमतं मला' म्हणून गेलेला. फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि दार लावून बसला. सातव्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला, "ताई, हा पोहेसुद्धा खात नाही हो." इंदूरचा मुलगा पोहे खात नाही म्हटल्यावर मी तशीच निघाले.

चेक बाउन्सच्या कायद्याचं, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं, कलम 142 त्यानं वाचलं होतं, पण महिन्याच्या मुदतीवरच थांबला होता. सबळ कारण पटलं तर उशिरा आलेला परिवादही कोर्ट घेऊ शकतं, ही सोय 2002 च्या दुरुस्तीपासून आहे. वकिलाची चूक हे कारण प्रत्येक वेळी पटेलच असं नाही, पण दार बंद नव्हतं. बार रूममधल्या कोणत्याही पिकल्या केसांच्या वकिलानं हे चहा निवायच्या आत सांगितलं असतं. एकट्यानं कुढत बसल्यामुळे नऊ दिवसांचे सोळा झाले, आणि त्या सात दिवसांचंही कारण द्यावं लागलं. उशीर माफ करायचा अर्ज मंजूर झाला. पक्षकार मात्र फाइल घेऊन गेला.

माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. दुपारच्या सुट्टीत डबा बार रूममध्येच उघडायचा, पेशी असो वा नसो. थोडं जास्त आणायचं. साबुदाण्याची खिचडी असली की माणसं आपोआप सरकून बसतात. आणि रोज एक तरी प्रश्न मोठ्यानं विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही. लाज वाटते? वाटू दे. वकालतनाम्यावर तिकीट किती लागतं, हे मी दोनदा विचारलंय.

तो मुलगाही आता डबा घेऊन येतो. पाटी अजून सुदामा नगरातच आहे, ती काही त्यानं काढली नाही.

पक्षकाराला मैत्रीण समजणं

ही चूक माझी स्वतःची, 2013 सालची. आपसी सहमतीचा घटस्फोट होता. पहिल्या अर्जानंतरचे सहा महिने फॅमिली कोर्ट माफ करू शकतं, हे सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये सांगितलं. तेव्हा थांबावंच लागे. त्या सहा महिन्यांत रोज रात्री साडेदहाला तिचा फोन. केसचं दोन मिनिटं, मग भाजी, टीव्ही, नवीन नोकरी. हळूहळू मीही माझं बोलायला लागले.

डिक्री झाली त्या दिवशी ती पेढे आणि फीचं पाकीट देऊन गेली. त्या रात्री फोन वाजला नाही. नंतरही नाही. तिचं काही चुकलं नाही, माझा आवाज ऐकला की तिला कोर्टच आठवत असणार. मी मात्र महिनाभर साडेदहाला फोन चार्जिंगवरून काढून जवळ घेऊन बसत होते.

आता आठनंतर पक्षकारांचे फोन मुंशी घेतो. साडेदहाला मी ग्वाल्हेरच्या मावसबहिणीला फोन लावते. तिला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. फार बरं वाटतं.

'गोपनीय आहे' म्हणून घरी मौनव्रत

पक्षकारानं सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही, हे खरंच. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. पण गुपित पक्षकाराचं आहे, तुमची उडालेली झोप गुपित नाही. निकाल तर खुल्या कोर्टात लागतो. "आज एका पोराला जन्मठेप झाली, मला जेवण जात नाहीये," एवढं घरी सांगितल्यानं कोणतंही कलम मोडत नाही.

बाकीच्या थोडक्यात. बारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांना सोबत म्हणू नका. केस हरलात की 'एकच पेग' नको, तो एकच कधी नसतो. इथल्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला जायचं तर 'सुट्टी मिळाली तर बघू' म्हणू नका, तारीख आधी डायरीत लिहा, पेशीसारखी. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर माझा डबा आणि खिचडी विसरा. सरळ डॉक्टरकडे जा, नाहीतर टेली मानसला 14416 वर फोन लावा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात.

राहिलं जबलपूर, म्हणजे आमच्या हायकोर्टाचं मुख्य पीठ. तिथे पेशी असली की रात्रीच्या ओव्हरनाइट एक्सप्रेसनं एकटेच फाइल उशाशी घेऊन जाऊ नका. मी बार रूमच्या फळ्यावर लिहिते, 'मंगळवारी रात्री जबलपूर, कोण येतंय?' गेल्या वेळी निघाला तो नेमका माझ्या विरुद्ध बाजूचा वकील. केसबद्दल बोलायचं नाही, असं आधीच ठरवलं. भोपाळ यायच्या आत त्यानं माझे सगळे पराठे संपवले, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात तसूभरही मागे सरला नाही.