हंगाम सुरू असताना शर्यतीच्या मोटरसायकलची फ्रेम आणि गिअरबॉक्स कसे बदलावेत

२०११ च्या जून महिन्यात नेदरलँड्समधील आसेन सर्किटवर रायडर व्हॅलेंटिनो रॉसी डुकाटी या इटालियन कंपनीची जीपी ११.१ ही मोटरसायकल घेऊन उतरला, तेव्हा मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेचा हंगाम निम्म्यावरही आलेला नव्हता. पुढच्या वर्षीच्या १००० सीसी मोटरसायकलसाठी आखलेल्या सांगाड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, त्या वर्षीच्या नियमांनुसार ८०० सीसीचे इंजिन बसवलेले होते आणि सोबत गिअरबॉक्सही नवा होता. रॉसी त्या शर्यतीत चौथा आला, परंतु पुढच्या चाकाकडून पुरेशी जाणीव मिळत नाही ही त्याची तक्रार हंगामभर कायम राहिली. हंगाम चालू असताना असे मोठे काम हाती घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही संघाने प्रथम हा प्रसंग नीट अभ्यासावा, असे मला मनापासून वाटते.

कामाचा आरंभ आराखड्यापासून न करता रायडरच्या तक्रारीपासून करावा. "गाडी वळत नाही" एवढ्या वाक्यावरून फ्रेम बनवता येत नाही. वळणाआधी जोराने ब्रेक लावताना, ब्रेक सोडत गाडी झुकवताना, वळणाच्या मध्यावर ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही सुटलेले असताना, की थ्रॉटल उघडून बाहेर पडताना, यांपैकी नेमक्या कोणत्या क्षणी अडचण येते ते रायडरकडून वदवून घ्यावे आणि मग सस्पेन्शनचा प्रवास, ब्रेकचा दाब व चाकांचा वेग यांच्या नोंदींशी ताडून पाहावे. गाडी साठ अंशांच्या आसपास झुकलेली असते तेव्हा रस्त्याचे धक्के सरळ सस्पेन्शनच्या दिशेने येत नाहीत. ते मुख्यतः फ्रेम, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारी हलती भुजा) आणि टायर यांच्या आडव्या लवचिकतेने झेलले जातात. म्हणूनच शर्यतीची फ्रेम सर्व दिशांनी शक्य तितकी ताठ करणे ही चूक ठरते. ब्रेकच्या भाराखाली ती ताठ राहावी आणि आडव्या दिशेने मोजून मापून लवावी, हे साधणे हेच खरे कसब आहे.

नवी फ्रेम ओतण्या-वेल्डण्याआधी स्वस्त उपाय संपवावेत. स्टिअरिंग हेडमधील (हँडलचा दांडा बसतो त्या जागेतील) बदलता येणारे इन्सर्ट, म्हणजे छोटे तुकडे, वापरून रेक (त्या दांड्याचा कल) आणि ट्रेल (त्या दांड्याची रेषा जमिनीला मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर), तर स्विंगआर्मच्या पिव्हटवरील (तो ज्या आसाभोवती हलतो त्यावरील) इन्सर्टने त्याची उंची काही मिलिमीटरने हलवता येते. इंजिनाला पुढून धरणाऱ्या पट्ट्या लांब किंवा पातळ केल्यास आडवी लवचिकता वाढते. दोन दिवसांच्या अशा प्रयोगांतून नव्या फ्रेमने कोणत्या दिशेला जावे हे बहुधा कळते, आणि दिशाच कळली नाही तर फ्रेमचे काम पुढे नेऊ नये.

साहित्याची निवड करताना अंतिम वजनापेक्षा फेरबदलाचा वेग महत्त्वाचा मानावा. डुकाटीने २००९ पासून फ्रेमच्या पुढच्या भागासाठी कार्बन फायबर वापरले होते. कार्बनचा आकार बदलायचा म्हणजे साचाच बदलावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची जाडी एखाद्या ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरने कमी करून पुढच्या शर्यतीआधी दुसरी प्रत वेल्ड करता येते. २०११ च्या उत्तरार्धात स्पेनमधील आरागॉनच्या शर्यतीला डुकाटीने अ‍ॅल्युमिनियमचा पुढचा भाग आणला तो उगाच नव्हे. मात्र तेथेच दुसरा धडाही मिळाला. त्या हंगामात प्रत्येक रायडरला सहाच इंजिने वापरता येत होती, आणि आरागॉनला रॉसीने सातवे घेतल्यामुळे त्याला पिट लेनमधून शर्यत सुरू करावी लागली. इंजिन हाच सांगाड्याचा भार वाहणारा भाग असेल, तर फ्रेमची जोडणी बदलताच क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे कवच, बदलण्याची वेळ येऊ शकते आणि फ्रेमचा प्रश्न इंजिनांच्या कोट्याचा प्रश्न होऊन बसतो. तेव्हा नियमपुस्तक आणि शिल्लक इंजिनांची यादी आराखड्याच्या शेजारी ठेवूनच जोडणीचे बिंदू ठरवावेत.

गिअरबॉक्सचे काम याहून अधिक संयमाचे आहे. नेहमीच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या बाजूचे डॉग, म्हणजे एकमेकांत अडकणारे दाते, सुटावेत म्हणून क्षणभर इंजिनाची ताकद तोडावी लागते. सीमलेस, म्हणजे ताकद न तोडता गिअर बदलणाऱ्या, गिअरबॉक्समध्ये वरचा गिअर गुंततो तेव्हा खालचाही क्षणभर गुंतलेलाच असतो, आणि शाफ्टच्या आतील एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा खालच्या गिअरला आपोआप मोकळे करते. वाचणारा वेळ सेकंदाच्या काही शतांशांचाच असतो. खरा लाभ असा की झुकलेल्या स्थितीत गिअर बदलला तरी मागच्या टायरला हिसका बसत नाही, गाडी अस्वस्थ होत नाही आणि टायर जास्त काळ टिकतो. होंडाने २०११ मध्ये ही यंत्रणा आणली. यामाहाने मात्र २०१३ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील मिसानोच्या शर्यतीलाच ती आपल्या कारखाना संघाच्या (कंपनीच्या स्वतःच्या संघाच्या) शर्यतीच्या गाड्यांवर दिली, आणि ती शर्यत यामाहाच्याच होर्हे लॉरेन्झोने जिंकली. तिथवर रायडर उघडपणे मागणी करीत असूनही यामाहाने घाई केली नाही, आणि ते योग्यच होते. खालचा गिअर वेळेवर सुटला नाही तर दोन गिअर एकत्र अडकून मागचे चाक जागीच थांबू शकते. अशा वेळी जे पणाला लागते ते गुणतक्त्यातील गुण नसून माणसाचे शरीर असते. चाचणी-यंत्रावर संपूर्ण शर्यतीच्या कित्येक पट अंतर विनाबिघाड झाल्यावाचून, आणि त्यानंतर चाचणी-रायडरने तो सर्किटवर सिद्ध केल्यावाचून, गिअरबॉक्स शर्यतीच्या रायडरकडे देऊ नये.

फ्रेम आणि गिअरबॉक्स हे दोन स्वतंत्र विभाग आहेत असे समजणे ही या कामातील सर्वांत महागडी गैरसमजूत आहे. गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवरील पुढचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) आणि स्विंगआर्मचा पिव्हट यांच्यातील अंतर व उंची यांवर साखळीच्या ओढीची दिशा ठरते. थ्रॉटल उघडल्यावर गाडी मागे किती बसेल आणि मागच्या टायरवर भार कसा येईल, हे त्या दिशेवर अवलंबून असते. नव्या गिअरबॉक्समुळे तो शाफ्ट दोन-तीन मिलिमीटर सरकला, तर फ्रेमला हातही न लावता तिचे वागणे बदलते. साधे स्प्रॉकेटचे दात बदलले तरी साखळीचा कोन बदलतो, चाक मागे-पुढे घ्यावे लागते आणि व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधील अंतर, हाही बदलतो. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या, तर सुधारणा कशामुळे झाली आणि बिघाड कशामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही. आधी जुन्या फ्रेममध्ये नवा गिअरबॉक्स चालवावा, तो विश्वासाचा झाला की मगच फ्रेम बदलावी.

तुलनेची चाचणी जुनी, नवी आणि पुन्हा जुनी अशा क्रमाने घ्यावी, कारण दिवसभरात सर्किटवर रबर साचत जाते आणि दुपारी प्रत्येक गाडी सकाळपेक्षा बरी वाटते. टायरचे वय आणि टाकीतील इंधन दोन्ही गाड्यांत सारखे ठेवावे. एका वेगवान लॅपवर निर्णय घेऊ नये. झिजलेल्या टायरवरील सलग दहा-बारा लॅपची सरासरी पाहावी. संघात दोन रायडर असतील तर एकाला जुन्याच गाडीवर ठेवणे उपयोगी पडते. २०११ च्या आसेनला रॉसीचा सहकारी निकी हेडन जुन्या डुकाटीवर होता, त्यामुळे संघाला त्याच हवेत, त्याच रस्त्यावर तुलनेचे माप मिळाले.

शर्यतीत नवी फ्रेम न्यायची, तर रायडरच्या दोन्ही गाड्यांसाठी आणि अपघातासाठी राखीव अशा प्रती तयार असाव्यात. एकच फ्रेम असलेला रायडर पडायला घाबरतो आणि त्याचे लॅपटाइम काहीच सांगत नाहीत. पडलेली प्रत्येक फ्रेम जिगवर (मापे तपासण्याच्या साच्यावर) मोजून आणि वेल्डवर भेगा तपासूनच परत वापरात घ्यावी.

माघारीची अट कामाच्या आधीच लिहून ठेवावी. २०१५ मध्ये होंडाची नवी फ्रेम तिचा रायडर मार्क मार्केझ याला वळणात शिरताना मानवेना, तेव्हा आसेनपासून त्याने २०१४ ची फ्रेम आणि २०१५ चा स्विंगआर्म अशी जोड वापरली व त्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. जुनी फ्रेम ट्रकमध्ये होती, तिची मापे आणि सेटिंग नोंदवहीत होती, म्हणून हे शक्य झाले. नवी फ्रेम कितीही चांगली वाटली, तरी जुन्या फ्रेमची एक जुळवलेली प्रत शेवटच्या शर्यतीपर्यंत सोबत न्यावी.