शिबारी: पहिल्यांदा दोरी हातात घेताना

जोडीदाराला दोरीने बांधण्याच्या जपानमधल्या कलेला शिबारी किंवा किनबाकू म्हणतात. तिचं एक मूळ एदो काळातल्या (१६०३–१८६८) होजोजुत्सूत आहे, म्हणजे कैद्यांना दोरीने जखडण्याच्या विद्येत. पुढे चित्रकार इतो सेइउ (१८८२–१९६१) यांच्या चित्रांनी त्याच दोरीला शृंगाराकडे वळवलं. कैद्याला कुणी त्याची मर्जी विचारत नसे. इथे सुरुवातच मर्जीपासून होते.

म्हणून आधी बोलून घ्या. दोघंही सज्ञान आणि राजीखुशीने तयार हवेत, आणि कुणीही दारू घेतलेली नको. कुठे बांधायचं, कुठे हात लावायचा नाही, कपडे असतील की नाही, हे आधीच ठरवा. मधुमेह, चक्कर येणं, हातापायांना मुंग्या येण्याची जुनी तक्रार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जुनी खांदेदुखी, सगळं विचारा. ‘थांब’ म्हटलं की दोरी सुटलीच पाहिजे, कारण विचारत बसायचं नाही.

दोरी तागाची, म्हणजे ज्यूटची, ६ मिमी जाड आणि ७ ते ८ मीटर लांब घ्या. दोन पुरतात. नायलॉन घसरतो. सुती दोरी ताणते आणि तिची गाठ इतकी आवळते की सोडताना नखं दुखतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या सुतळीला बऱ्याचदा रॉकेलसारखा वास येतो, ती अंगाला लावू नका. बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवा आणि तिने ही दोरी खरंच कापली जाते का, ते आधी एका तुकड्यावर पाहा.

पहिला बंध एका मनगटाचा. दोरी मधोमध दुमडून दुहेरी करा, पट्टा रुंद झाला की दाब विभागला जातो. दुमडीची वीतभर शेपटी सोडून हाडाच्या थोडं वर, कोपराच्या बाजूला, दोन वेढे घ्या. चार पदर शेजारी शेजारी सपाट बसले पाहिजेत. एक पदर दुसऱ्यावर चढला की सगळा दाब तिथेच येतो. आता दुमड लांब दोरीवरून आडवी नेऊन सगळ्या वेढ्यांखालून वर काढा. वेढ्यांखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. मग दुमडीनेच लांब दोरीशी दुसरी गाठ मारा, पहिलीच्या उलट दिशेने. स्काउटमध्ये शिकवतात ती रीफ नॉट हीच. दोन्ही गाठी एकाच दिशेने पडल्या तर गाठ सरकते आणि वेढे आवळत जातात. लांब दोरी जोराने ओढून पाहा: मनगटावरचा बंध घट्ट झाला तर सोडून पुन्हा बांधा. गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा अंगठ्याकडे येऊ देऊ नका, तिथे नसा (मज्जातंतू) कातडीलगत असतात.

खरी कला मात्र गाठीत नाही, ताणात आहे. दोरी सगळीकडे सारखी ताणलेली राहिली की बांधलेल्या माणसाला ती मिठीसारखी वाटते. मध्येच ढिली, मध्येच घट्ट झाली की नुसतं अडकल्यासारखं होतं. एक हात दोरीवर, दुसरा सतत जोडीदाराच्या अंगावर. दोरी कातडीवरून झर्रकन ओढली तर भाजल्यासारखा वळ उठतो, म्हणून ओढताना मध्ये आपलं बोट ठेवा. सावकाश बांधा आणि श्वासाकडे लक्ष द्या: तो खोल होत गेला की अंग सैलावतंय, अडखळला की हात थांबवा.

हाताचा पंजा हळूहळू थंड पडणं, निळसर होणं, हे रक्ताभिसरण अडल्याचं लक्षण. थोडं सैल केलं की ते बहुधा सावरतं. चमक, अचानक बधिरपणा किंवा बोटांतली ताकद जाणं हा नसेवरचा दाब; तिथे एक क्षणही न थांबता सोडा, गरज पडली तर कापा. मधूनमधून पंजा मागे उचलायला आणि बोटं फाकवायला सांगा. नुसती मूठ वळवून घेणं पुरत नाही, कारण दंडाच्या बाहेरच्या बाजूने जाणारी रेडियल नस दबली की आधी पंजा उचलणंच जमेनासं होतं. याच नसेमुळे ताकाते-कोते, म्हणजे हात पाठीमागे घेऊन दंड आणि छातीभोवती बांधायचा प्रसिद्ध बंध, नवशिक्यांनी शिक्षकाशिवाय करू नये. छताला टांगणं त्याहून पुढचं. गळ्याभोवती दोरी कधीच नाही. कोपराची आतली बाजू, काख आणि गुडघ्याची बाहेरची बाजूही टाळा.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत. बांधलेल्या माणसाला खोलीत एकटं सोडून पाणी आणायलाही जाऊ नका, पाणी आधीच जवळ ठेवा. सोडतानाही घाई नको, आणि दोरीचं टोक चेहऱ्यावर आपटणार नाही याकडे लक्ष ठेवा. नंतर अंगावर पांघरूण घाला, जवळ बसा. काहींना एकदम थंडी वाजते किंवा रडू येतं. दोरीचे ठसे साधारणपणे काही तासांत जातात. पण बधिरपणा गेला नाही किंवा पंजा उचलता येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि दोरीने हात बांधला होता हे स्पष्ट सांगा.