ग्रहाभोवती यान पाठवण्याचा प्रकल्प : या चुका टाळा

कोल्हापुरातील शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना मंगळयानाची प्रतिकृती दरवर्षी भेटते आणि बहुतेक आराखड्यांत सारे इंधन निघण्यासाठी खर्ची पडलेले असते, थांबण्यासाठी थेंबभरही उरलेले नसते. थर्माकोलच्या मंगळाभोवती तारेवर फिरणाऱ्या एका सुबक यानापाशी मी विचारले, “हे तिथे अडकले कसे?” तेव्हा उत्तर आले, “सर, मंगळच ओढून घेतोय की!” मात्र ग्रहाने ओढलेले यान वेग वाढवत जवळ येते आणि तसेच पुढे निसटूनही जाते, त्यामुळे वेग नेमक्या जागी घटवावाच लागतो. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताच्या यानाने २३ मिनिटांहून थोडा अधिक काळ इंजिन चालवून सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटर इतका वेग कमी केला, तेव्हा ते कक्षेत स्थिरावले.

हे इंजिन त्याआधी सुमारे दहा महिने बंद होते, म्हणून दोन दिवस आधी ते जेमतेम चार सेकंद चालवून पाहिले गेले. अशी चाचणी आराखड्यात हवीच, शिवाय पर्यायही हवा. जपानच्या आकात्सुकी यानाची झडप क्षार साचून अडली आणि डिसेंबर २०१० मध्ये शुक्र हुकला. पाच वर्षांनी दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांवर तेच यान कक्षेत पोहोचले.

जॉयस्टिकने यान वळवून दाखवणे तर सोडूनच द्यावे. मंगळयान पोहोचले तेव्हा संदेशाला एका बाजूने साडेबारा मिनिटे लागत होती, त्यामुळे सर्व आज्ञा आधीच यानात भरलेल्या होत्या.

एकक न लिहिता आकडे मांडणे ही चूक मला सर्वांत खटकते. गुळाच्या बाजारात रवा (गुळाची ढेप) किती किलोचा हे विचारल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही, पण इथे ‘बल ५’ एवढेच लिहून मुले मोकळी होतात. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर पौंड आणि न्यूटन यांच्या घोळामुळे मंगळाच्या फार जवळून गेले आणि नष्ट झाले.

ग्रहाची सावलीही हिशेबात धरावी. प्रतिकृतीच्या सौर पॅनेलवर तळहात धरावा. मोटर तत्क्षणी थांबली, तर आराखड्यात बॅटरी राहून गेली आहे.